वेबसाईटच्या वर्क ऑर्डरमध्ये स्टँडर्ड कुठं आहे?

कोल्हापुरात सध्या वेबसाईट नवी करायची लाट आलीय. पतसंस्था, सहकारी बँका, कॉलेजं, हॉस्पिटलं, गूळ आणि चपला ऑनलाईन विकणारे, सगळ्यांना जुनी साईट नकोशी झालीय. त्यात चूक काही नाही, दहा-बारा वर्षांपूर्वीची साईट मोबाईलवर धड दिसत नाही, नवीन शाखा तिच्यात नसतात, जुन्या संचालकांचे फोटो तसेच असतात. पण नवीन साईट आल्यावर काय होतं ते बघा. पहिल्याच पानावर ड्रोनने काढलेला रंकाळ्याचा व्हिडिओ, त्यावरून सरकणारी अक्षरं, खाली शून्यापासून पळत सुटलेले आकडे, एवढे सभासद, एवढ्या ठेवी. आणि ठेवीचा व्याजदर? तो एका चित्रात. शाखेचा फोन नंबर पण चित्रातच, म्हणजे त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही, आधी कागदावर उतरवून घ्यायचा आणि मग डायल करायचा. पावतीवर छापलेली जुनी लिंक उघडत नाही. लॉगिनचं पान फायरफॉक्समध्ये अर्धंच येतं. दोन बोटांनी अक्षर मोठं करायला जावं तर होत नाही, कारण झूम बंद करून ठेवलेलं असतं.

जुनी साईट दिसायला कशीही असू दे, यातलं निम्मं तरी तिच्यावर चालत होतं. माझा सगळा आक्षेप इथंच आहे. लोकांकडं जे आधी होतं ते रीडिझाईनच्या नावाखाली काढून घेतलं जातंय, आणि ज्या संस्थेनं पैसे मोजून हे करून घेतलं तिला ते कळतही नाही, कारण साईट विकत घेताना काय मागायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

वेब स्टँडर्ड हा शब्द ऐकून लोकांना वाटतं काहीतरी लई टेक्निकल असणार. मूळ गोष्ट साधी आहे. शीर्षक हे शीर्षक म्हणूनच लिहायचं, बटन बटन म्हणून, तक्ता तक्ता म्हणून, चित्र टाकलं तर त्यात काय आहे ते शब्दात सोबत द्यायचं, फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला त्याचं नाव जोडायचं, रंगरूप सगळं सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेत, वेगळं ठेवायचं आणि एकदा लोकांना दिलेला पत्ता मोडायचा नाही. एवढं पाळलं की तेच पान महागड्या लॅपटॉपवर, फुटक्या काचेच्या जुन्या अँड्रॉइडवर, अंध माणसाला मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर आणि सर्च इंजिनला, सगळीकडं वाचता येतं. हे नियम कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब बनवलं, सर्ननं ३० एप्रिल १९९३ ला ते सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळं करून दिलं, आणि १९९४ मध्ये नियम ठरवायला डब्ल्यूथ्रीसी ही संस्था स्थापन झाली. नियम आजही फुकट वाचायला मिळतात. कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही.

मग ते मोडले कुणी, तर मोठ्या कंपन्यांनीच, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नव्वदच्या दशकात नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोन ब्राऊझरची मारामारी चालू होती, दोघं आपापले वेगळे टॅग, म्हणजे पानाचे भाग सांगणाऱ्या खुणा, काढायचे आणि साईट बनवणाऱ्याला एकच पान दोनदा लिहायला लागायचं. त्याला कंटाळून काही डेव्हलपर आणि डिझायनर १९९८ मध्ये एकत्र आले, वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट नावाचा गट काढला आणि ब्राऊझर कंपन्यांच्या मागं लागले. पुढं २००२ मध्ये वायर्ड न्यूज आणि २००३ मध्ये ईएसपीएननं आपल्या अवाढव्य साईट स्टँडर्ड धरून सीएसएसवर नव्यानं बांधल्या, तेव्हा सगळ्यांना दिसलं की हे फक्त छोट्या हौशी पानांचं काम नाही, रोज लाखो लोक येणाऱ्या साईटला पण हे जमतं, उलट पान हलकं होतं आणि पटकन उघडतं. म्हणजे रीडिझाईन ही गोष्ट मुळात वाईट नाही. त्या काळात रीडिझाईनमुळंच स्टँडर्ड जगात पसरले.

नंतर गाडी उलटी फिरली. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राऊझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा, ताकदवान झाली तसं कंपन्यांना वाटायला लागलं की पान सर्व्हरवरून तयार पाठवायचं कशाला, नुसता रिकामा सांगाडा पाठवू आणि बाकीचं सगळं लोकांच्या मोबाईलनंच बांधून घेऊ दे. २०११ च्या फेब्रुवारीत गॉकर या अमेरिकन कंपनीनं आपल्या सगळ्या साईट अशा पद्धतीनं नव्या केल्या आणि लगेचच एक दिवस जावास्क्रिप्ट लोड व्हायची बंद पडली, तर बातम्यांच्या जागी कोरं पान. ट्विटरनं पण त्याच सुमारास तोच मार्ग धरला होता. २०१२ मध्ये ते मागं फिरले, पान पुन्हा सर्व्हरवर तयार करून पाठवायला लागले, आणि पहिलं ट्विट दिसायला लागणारा वेळ आधीच्या एक पंचमांशावर आला असं त्यांच्याच इंजिनिअरांनी जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीनं हे चारचौघात सांगून झालं तरी आज तेच चालू आहे, आणि कोल्हापुरात बनणाऱ्या पाच-सात पानांच्या साईटमध्ये पण चालू आहे, जिथं त्याची काही म्हणजे काही गरज नाही.

‘जावास्क्रिप्ट बंद कोण ठेवतंय आजकाल?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकवला जातो. ब्रिटनच्या सरकारी साईटवाल्यांनी २०१३ मध्ये हे मोजून बघितलं होतं. दर ९३ माणसांमागं एकाला जावास्क्रिप्ट मिळत नव्हती, साधारण १.१ टक्के, आणि एकूण लोकांपैकी फक्त ०.२ टक्के लोकांनी ती मुद्दाम बंद ठेवलेली होती किंवा त्यांचा ब्राऊझरच ती चालवत नव्हता. बाकीच्यांचं नेटवर्क मध्येच तुटलेलं, ऑफिसच्या फायरवॉलनं अडवलेलं, फाईल अर्धवट उतरलेली, असलं काहीतरी. गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या वाडीवस्तीवर राहणाऱ्यानं हे वाचलं तर त्याला नवल वाटणार नाही. आणि महापूर आठवा. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळेला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा पन्नास फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. लाईट गेलेली, मोबाईलला चार्जिंग शेवटाला आलेलं, टॉवर कसाबसा चालू. अशा वेळेला कुठलं हॉस्पिटल चालू आहे, कुठल्या शाखेत पैसे मिळतील, हे चार ओळींच्या साध्या मजकुरात दिलं तर एक-दोन केबीत माणसापर्यंत पोचतं. तेच व्हिडिओ आणि स्लायडरच्या पाठीमागं ठेवलं तर पोचतच नाही. ज्या जिल्ह्याला दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा असं बुडायला लागलं तिथं तरी हे सांगायची वेळ येऊ नये.

मराठीचं जे चाललंय त्याचा तर मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण यातून आपण एकदा पोळून निघालोय. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला कोड देणारी पद्धत, रुळायच्या आधी प्रत्येक मराठी साईटचा फॉन्ट वेगळा असायचा, कुणाचा शिवाजी, कुणाचा किरण, कुणाचा सुरेख, कुणाची श्रीलिपी, आणि वर सूचना, आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या. दिसायला मराठी, पण आत साठवलेलं सगळं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर. फॉन्ट गेला की मजकूर म्हणजे नुसता कचरा. त्या काळात वेबवर टाकलेलं कितीतरी मराठी लिखाण सर्चमध्ये कधीच सापडलं नाही, पुढं साईट बदलल्या तसं ते गेलंच, कुणी बदलून ठेवलं असेल तेवढंच शिल्लक राहिलं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. विंडोज २००० पासून कॉम्प्युटरवर ती नीट दिसायला लागली आणि हळूहळू आपण एका लाईनीत आलो, एक अक्षर, एक कोड, कुठंही न्या.

आणि आता रीडिझाईनमध्ये आपण परत त्याच खड्ड्यात चाललोय. होतं असं की साईटच्या मराठी मजकुराचं काम फ्लेक्स करणाऱ्या डिझायनरकडंच जातं, तो कोरलड्रॉमध्ये जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात अक्षर लावतो, सुंदर लावतो, त्यात शंका नाही, आणि त्याचं चित्र करून साईटवर चढवतो. सभेची नोटीस, कर्जाचे नियम, प्रवेशाची यादी, सगळं चित्र. ते कॉपी होत नाही, सर्चमध्ये सापडत नाही, भाषांतर होत नाही, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, मोबाईलवर अक्षर मुंगीएवढं होतं. जिथं खरा मजकूर असतो तिथं पण आयत्या टेम्प्लेटमध्ये पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली असते आणि ती कुणी बदलत नाही. एका ओळीचं काम आहे, भाषेच्या जागी मराठी लिहायचं. ते केलं की स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो, आणि नोटोसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता आपल्या शाळेत गिरवलेल्या वळणाचे येतात. एका ओळीत एवढं मिळत असताना ती लिहिली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

अंध विद्यार्थ्यांची गोष्ट तर अजून वेगळी. त्यांच्याकडं साधन आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ पासून फुकट मिळतो, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तो बनवला, अँड्रॉइड मोबाईलमध्ये टॉकबॅक हा तसलाच स्क्रीन रीडर असतोच. म्हणजे त्यांनी आपल्या बाजूचं सगळं केलंय. पण समोरच्या पानावर बटन हे बटन म्हणून नसतं, डिव्ह नावाच्या नुसत्या रिकाम्या डब्याला रंग देऊन त्यावर क्लिक लावलेलं असतं, मग स्क्रीन रीडर ते बटन आहे असं सांगत नाही आणि कीबोर्डनं तिथं पोचता येत नाही. फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात वेबसाईट बनवली तर आख्खं पानच कॅनव्हासवर, म्हणजे एखाद्या चित्रासारखं, रंगवलं जातं आणि स्क्रीन रीडरला लागणारी माहिती मुळात बंद असते, ती वेगळी चालू करावी लागते. प्रवेशाचा फॉर्म असा बनवला की त्या मुलाला दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आपला पासवर्ड आणि ओटीपी द्यायला लागतो. हे दरवर्षी घडतं आणि त्याची कुठं बोंब होत नाही.

जगभर हीच अवस्था आहे हे पण सांगायला हवं. वेबएम (WebAIM) नावाची संस्था दरवर्षी दहा लाख साईटची होमपेजं तपासते, २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर ॲक्सेसिबिलिटीचे, म्हणजे दिव्यांगांना अडवणारे, दोष सापडले, आणि ते पण फक्त मशिनला आपोआप ओळखता येतील एवढेच. सगळ्यात जास्त आढळणारा दोष कुठला, तर फिकट पार्श्वभूमीवर फिकट अक्षर. हे तर कुठल्याही सत्तर वर्षांच्या माणसाला फोन दाखवला की तो सांगेल.

आता उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत चला. तिथं स्टँडर्ड काय असतं हे कुणाला शिकवायला लागत नाही. एम-१० चा बोल्ट म्हटलं की त्याचा साधा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिलिमीटर, तो बोल्ट शिरोलीत बनू दे नाहीतर जर्मनीत, नट बसणारच. ग्रे आयर्नचं कास्टिंग आयएस २१० या भारतीय मानकाप्रमाणं कुठल्या ग्रेडचं पाहिजे ते ऑर्डरवर लिहिलेलं असतं, ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, असतो, माल जाताना टेस्ट सर्टिफिकेट जातं, आणि थ्रेडमध्ये गेज गेला नाही तर माल रिजेक्ट होऊन परत येतो, मग तो कितीही चकचकीत पेंट केलेला असू दे. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी देशभरात आणि देशाबाहेर नाव कमावलं ते याच शिस्तीवर. आणि हीच माणसं संध्याकाळी संस्थेच्या मीटिंगला संचालक म्हणून बसतात आणि वेबसाईट मंजूर करतात, तेव्हा ड्रॉइंग कुठाय, टॉलरन्स किती, तपासलं कुणी, यातलं काहीच विचारत नाहीत. कोटेशनवर लिहिलेलं असतं, आकर्षक डिझाईन, पानं इतकी, एक वर्ष होस्टिंग फ्री. झालं. ज्याला आपल्या धंद्यात स्टँडर्डशिवाय एक किलो माल चालत नाही त्यानं हजारो सभासदांच्या रोजच्या कामाची वस्तू नुसती दिसते कशी यावर पास करावी, हे मला पटत नाही.

साईट बनवणाऱ्या पोरांना मी यात फार दोष देणार नाही. राजारामपुरीत, शाहूपुरीत छोट्या छोट्या ऑफिसात बसून ही पोरं काम करतात, क्लासमध्ये त्यांना पहिल्या महिन्यापासून फ्रेमवर्क शिकवलेलं असतं, ज्यात मूळ पान लिहितात ते एचटीएमएल एका दुपारी उरकलेलं असतं, पगार तुटपुंजा आणि मुदत आठवड्याची. टेम्प्लेट विकत आणायचं, लोगो बदलायचा, पुढची साईट घ्यायची. त्यातल्या एखाद्यानं म्हटलं की साहेब हा स्लायडर काढू, नंबर मजकुरात टाकू, तर गिऱ्हाईक म्हणतं साईट मोकळी मोकळी वाटायला लागली. जोवर गिऱ्हाईक मागत नाही तोवर हे बदलणार नाही.

खर्च वाढतो म्हणतात. काही बाबतीत वाढतो, ते खोटं नाही, जुन्या नोटिसा टाईप करून घेणं, खऱ्या अंध माणसाकडून साईट तपासून घेणं, याला दिवस आणि पैसे लागतात. पण बटनाच्या जागी बटन लिहायला डिव्ह लिहिण्यापेक्षा जास्त पैसे पडत नाहीत. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर माणसाला आपोआप नेऊन सोडणं हे सर्व्हरवर काही ओळींचं काम आहे. खरा खर्च सगळं बांधून झाल्यावर उखडून परत करण्यात आहे.

दुसरं म्हणणं, आमचे सगळे ग्राहक क्रोम वापरतात. २००३ मध्ये नव्वद टक्क्यांच्या वर लोक इंटरनेट एक्सप्लोरर वापरत होते आणि तेव्हा पण लोक हेच म्हणत होते. दक्षिण कोरियानं नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑनलाईन व्यवहारांसाठी माहिती गुप्त ठेवायची स्वतःची (एन्क्रिप्शन) पद्धत काढली, ती चालवायला मायक्रोसॉफ्टचं, फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालणारं ॲक्टिव्हएक्स घेतलं, आणि पुढं कितीतरी वर्षं त्या देशात बँकेचं आणि सरकारी काम करायचं तर इंटरनेट एक्सप्लोररच उघडायला लागायचा, इतका पुढारलेला देश असून. तो एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं कायमचा बंद केला. एका कंपनीच्या ब्राऊझरवर दुकान मांडलं की ते कधी उठवायचं हे ती कंपनी ठरवते.

आणि ॲप काढलंय की, असं म्हणणारे पण आहेत. ज्याच्या फोनमध्ये फोटो काढायला जागा शिल्लक नाही त्यानं व्याजदर बघायला ॲप घ्यायचं?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी आणि खाजगी दोन्ही सेवांना लागू आहे, सरकारी साईटसाठी २००९ पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या खटल्यातले काही अर्जदार ॲसिड हल्ल्यातून वाचलेले होते. बँकेच्या ऑनलाईन केवायसीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा असं सांगितलं जायचं आणि त्यांना ते शक्यच नव्हतं. पापणी हलत नाही म्हणून खातं उघडत नाही, अशी ती परिस्थिती. स्क्रीन बनवणाऱ्यांच्या खोलीत असं माणूस कुणाच्या डोळ्यासमोरच आलं नाही म्हणून हे झालं, आणि त्यासाठी त्यांना दिल्लीपर्यंत जायला लागलं.

आपल्याकडं एवढं लांब जायची गरज नाही. कोल्हापूर सहकाराचा जिल्हा आहे, इथं साईटसाठी जे पैसे जातात ते सभासदांचे असतात. वार्षिक सभा सप्टेंबरच्या आत होतात, आणि आपल्या सभा कशा असतात ते महाराष्ट्राला माहीत आहे, मंजूर-नामंजूरच्या घोषणांत माईक ऐकू येत नाही. त्या गोंधळात वेबसाईटचा विषय निघणार नाही, म्हणून प्रश्न आधीच लेखी द्या. वर्क ऑर्डरची प्रत मागा. तिच्यात डब्ल्यूसीएजी २.२ ची, म्हणजे दिव्यांगांना साईट वापरता यावी म्हणून डब्ल्यूथ्रीसीनं काढलेल्या नियमांची, एए पातळी लिहिलीय का बघा, सगळा मराठी मजकूर युनिकोडमध्ये असेल असं कलम आहे का, जुन्या लिंक चालू राहतील असं आहे का, कमीत कमी तीन ब्राऊझरमध्ये तपासलंय का आणि तपासणीचा कागद कुठाय. नसेल तर शेवटचा हप्ता थांबवायची मागणी करा. आणि साईट दाखवायला जो कुणी येईल त्याला माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर ठेवीचा अर्ज भरून दाखवायला सांगा, सगळ्यांसमोर, प्रोजेक्टरवर. जमलं नाही तर तसं इतिवृत्तात लिहून घ्या.